गल्लीचा कायदा आणि नकाशावरची रेघ



१७९८ च्या जुलै महिन्यात नेपोलियनचे सैन्य कैरो शहरात शिरले. ताबा घेतल्यावर नव्या राज्यकर्त्यांनी जे पहिलेवहिले हुकूम सोडले, त्यांत एक हुकूम दरवाजांविषयीचा होता. कैरोची वस्ती त्या काळी ‘हारा’ नावाच्या मोहल्ल्यांत विभागलेली होती. फ्रेंचांनी स्वतः केलेल्या नोंदीत अशा ५३ हारा आढळतात. हारेच्या तोंडाशी भक्कम लाकडी दरवाजा असे. रात्री तो लागे, पहाटे उघडे, आणि राखणदाराचा खर्च रहिवासी आपसांत वाटून घेत. फ्रेंचांनी हे दरवाजे उखडून काढायला लावले. अल-जबर्ती या समकालीन इतिहासकाराने या घटनेची नोंद ठेवली आहे. ऑक्टोबर महिन्यात शहराने बंड केले. बंडाची कारणे अनेक होती, नवे कर हे त्यांतले मोठे. परंतु लोकांचा संशय जागा झाला तो दारे निघाली त्या दिवसापासून.

अरब शहरांतील आधुनिक नगररचनेचा इतिहास येथून मोजणे काहींना अतिशयोक्तीचे वाटेल. दारे काढणारा सैनिक होता. त्याला शहर सुधारायचे नव्हते, बंडखोरांच्या मागे धावताना वाट मोकळी हवी होती. पण त्यानंतरच्या सव्वादोनशे वर्षांत खेदीव आले, वसाहतवादी रेसिडेंट आले, राष्ट्रवादी सरकारे आली, बिल्डर आले. आणि प्रत्येकाच्या हातातला नकाशा वेगळा असला तरी वाद एकाच मुद्द्यावर अडत राहिला. गल्लीविषयीचा निर्णय गल्लीत व्हायचा, की गल्लीबाहेर?

जुन्या शहराविषयी बाहेरच्या माणसाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. वाकडेतिकडे बोळ, मध्येच संपणारे रस्ते, एकमेकांना खेटलेली आंधळी भिंताडे. म्हणजे येथे कसलीच योजना नव्हती, जो तो वाटेल तसे बांधीत गेला. हा समज चुकीचा आहे, आणि तो किती चुकीचा आहे हे दाखवणारा पुरावा एका गवंड्याने लिहून ठेवला आहे. इब्न अल-रामी हा चौदाव्या शतकातील ट्युनिसचा गवंडी. बांधकामाचे तंटे काझीपुढे आले की जागेवर जाऊन पाहणी करण्याचे काम त्याच्याकडे असे. त्या अनुभवावरून त्याने एक ग्रंथ रचला. त्यात भिंती आहेत, खिडक्या आहेत, मोऱ्या आहेत, भट्टीचा धूर आहे, जात्याची घरघर आहे. सरदारांच्या वाड्यांची वर्णने करणारे लेखक पुष्कळ झाले. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भांडणांतून शहर कसे घडते हे सांगणारा हा कारागीर मात्र विरळाच.

त्या ग्रंथातील आणि त्या काळच्या न्यायपरंपरेतील मूळ तत्त्व साधे होते. आपल्या जागेत माणसाने हवे ते करावे, पण त्याने दुसऱ्याला अपाय होता कामा नये. वादाच्या प्रसंगी सार्वजनिक रस्ता सात हात रुंद धरावा, असा पैगंबरांच्या नावे चालत आलेला दंडक होता. लादलेली दोन जनावरे समोरासमोर आली तर एकमेकांना ओलांडून जाऊ शकतील, एवढे हे अंतर. पण दुसऱ्या टोकाला बंद असलेला बोळ सार्वजनिक नव्हे. ज्यांची दारे त्यात उघडतात त्या सर्वांची ती सामाईक मालमत्ता. तेथे नवे दार पाडायचे तर बाकीच्यांची संमती हवी. समोरच्या दाराच्या अगदी तोंडावर दार काढता येत नसे, कारण दोन्ही घरांचा आडपडदा जातो. शेजाऱ्याच्या चौकात डोकावता येईल अशी खिडकी बुजवावी लागे. घराच्या भिंतीलगतची अरुंद पट्टी, जिला ‘फिना’ म्हणत, घरमालकाने वापरावी, ओटा घालावा, जनावर बांधावे. रहदारी मात्र अडवू नये.

जात्याचा एक दाखला ऐकण्यासारखा आहे. कोणी घरात जनावराच्या ओढीने चालणारे जाते बसवले आणि शेजाऱ्याने तक्रार केली की भिंत हादरते, तर निवाडा कसा करायचा? इब्न अल-रामी सांगतो, कागदाच्या चार कोपऱ्यांना दोरे बांधून तो आढ्याला टांगावा, त्यावर धण्याचे कोरडे दाणे ठेवावेत आणि जाते चालवायला सांगावे. दाणे हलले तर जातेवाल्याने ते बंद करावे. सहाशे वर्षांपूर्वीची ही चाचणी. ती करायला राजधानीतून अधिकारी यावा लागत नव्हता, आणि तिचा निकाल दोन्ही पक्षांना डोळ्यांनी पाहता येत होता.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘इस्लामी शहर’ नावाचा जो एकसंध साचा पुस्तकांत दिसतो, तो बव्हंशी फ्रेंच पंडितांनी उत्तर आफ्रिकेतील मोजक्या शहरांवरून तयार केला आणि मग मोरोक्कोपासून मध्य आशियापर्यंत सर्वांना घालून पाहिला. कैरोच्या इतिहासकार जॅनेट अबू-लुघोद यांनी १९८७ मधील एका निबंधात या साच्याची चिकित्सा केली. आडपडद्याचे नियम, मालमत्तेविषयीचा कायदा, निरनिराळ्या समाजगटांचे वेगळे मोहल्ले, यांतून ही शहरे घडत गेली हे त्यांनी मानले. धर्माने एक नकाशा पाठवला आणि तो सर्वत्र उभा राहिला, हे मानले नाही. दोरीत आखलेल्या पेठा इस्लामी राजवटींतही झाल्या, आणि वाकडे बोळ तर पुण्यात व काशीतही आहेत.

आणि या मोहल्ल्याला सुवर्णयुग ठरवण्याचेही कारण नाही. हारेचा शेख रहिवाशांचा प्रतिनिधी होता, तसाच तो सरकारचा वसुलीदार आणि खबऱ्याही होता. एकाच बोळात सावकार आणि पाणके राहत, म्हणून त्यांच्या ताटात सारखेच वाढले जात होते असे नाही. साथ आली की दाट वस्तीत ती वणव्यासारखी पसरे. स्त्रियांच्या बाबतीत तर तो आडपडदा भिंतीपेक्षा उंच होता. मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मेर्निसी यांचा जन्म १९४० साली फेझमध्ये झाला. आपल्या बालपणावर त्यांनी १९९४ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात घराच्या दारावर बसलेला पहारेकरी आहे आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्यासाठी झुरणाऱ्या बायका आहेत. त्यांना आकाश दिसे ते चौकातून आणि गच्चीवरून. ज्यांना जुन्या शहराचे केवळ गोडवे गायचे आहेत त्यांनी हे पुस्तक आधी वाचावे.

तरीही त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. तिचे नियम बोळात राहणाऱ्याला ठाऊक होते, आणि ते मोडले तर दाद मागायची जागा चार पावलांवर होती. रेघेने जे नाहीसे केले ते हे.

१८६३ मध्ये इस्माईल हा इजिप्तच्या गादीवर आला. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने ओसमानने कापून काढलेले नवे पॅरिस पाहिले आणि त्याचे डोळे दिपले. दोन वर्षांनी सुएझ कालव्याचे उद्घाटन व्हायचे होते, युरोपचे मुकुटधारी पाहुणे यायचे होते. जुन्या कैरोच्या पश्चिमेला नवी पेठ आखण्यात आली. ठरावीक मुदतीत ठरावीक किमतीची इमारत बांधण्याच्या अटीवर तेथे जमिनी फुकट वाटल्या गेल्या. फुकट जमीन मिळण्यासाठी आधी श्रीमंत असावे लागते, हा नियम कैरोनेच शोधला असे नव्हे. पुढे जुन्या वस्तीच्या पोटातून, अझबकिया बागेपासून किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत, सुमारे दोन किलोमीटरचा सरळ रस्ता कापला गेला. त्याला मुहम्मद अलीचे नाव दिले. वाटेत जे आले ते पडले. घरे, हमाम, मशिदीसुद्धा.

या कामांमागचा माणूस होता अली मुबारक. खेड्यात जन्मलेला, फ्रान्समध्ये शिकलेला इंजिनिअर. त्याने पुढे कैरोच्या रस्त्यांचे, बोळांचे, मशिदींचे वर्णन करणारा वीस खंडांचा ग्रंथ लिहिला. एका हाताने पाडायचे आणि दुसऱ्या हाताने टिपून ठेवायचे, असा हा विलक्षण गृहस्थ. त्याला दुष्ट म्हणता येत नाही. आपल्या शहराला युरोपपुढे मान खाली घालावी लागू नये, ही त्याची तळमळ खरी होती. पण त्या तळमळीची किंमत फेलाहीन शेतकऱ्याच्या करातून आणि युरोपीय पेढ्यांच्या कर्जातून चुकवली जात होती. १८७६ मध्ये इजिप्तचा खजिना रिता झाला, युरोपीय धनकोंचे मंडळ राज्याच्या उत्पन्नावर बसले, आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौजा उतरल्या. केवळ रस्त्यांमुळे देश गहाण पडला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु जी हौस कर्जावर भागवली गेली तिच्यात हे रस्तेही होते.

फ्रेंचांनी मोरोक्कोत वेगळी तऱ्हा योजली. अल्जीरियात त्यांनी १८३० नंतर अल्जिअर्सच्या कसब्याचा खालचा भाग पाडून कवायतीचे मैदान केले होते आणि लोकांचा द्वेष पदरी बांधून घेतला होता. १९१२ मध्ये मोरोक्कोचा रेसिडेंट जनरल झालेल्या ल्योतेने ठरवले की जुन्या शहराला हात लावायचा नाही. शेजारी नवे शहर वसवायचे. आँरी प्रोस्त या वास्तुशास्त्रज्ञाने तशा योजना आखल्या. फेझ, रबात, मर्राकेश येथील मदिना वाचल्या त्या या धोरणामुळे, हे खरे. पण पाणी, वीज, गटारे, शाळा यांचा पैसा नव्या शहराकडे वळला, आणि जुन्याच्या वाट्याला ‘जतन’ आले. अबू-लुघोद यांनी रबातवरील आपल्या ग्रंथाच्या नावातच या प्रकाराला ‘नागरी वर्णद्वेष’ म्हटले. खेड्यांतून उपाशी लोंढे आले ते जुन्या शहराच्या भिंतींआड किंवा पत्र्याच्या झोपड्यांत कोंबले गेले.

येथपर्यंतची कथा परकीय सत्तेची आणि तिच्या अंकित राजांची. पुढची कथा समाजवाद्यांना अवघड जाणारी आहे.

मोहल्ल्यातील पाणपोई, हमाम, मदरसा, दवाखाना, यांचा खर्च वक्फमधून भागे. वक्फ म्हणजे धर्मार्थ कायम बांधून दिलेली मिळकत. महाराष्ट्रातील देवस्थान-इनामांशी तिचे काहीसे साम्य आहे. एका दुकानाच्या भाड्यावर एक सबील चाले, एका सराईच्या उत्पन्नातून मशिदीची डागडुजी होई. या व्यवस्थेत मुतवल्लींचे खिसे भरत, कौटुंबिक वक्फांच्या आडून बडी घराणी जमिनी राखीत, याबद्दल दुमत नाही. इजिप्तच्या क्रांतिकारी सरकारने १९५२ मध्ये कौटुंबिक वक्फ रद्द केले आणि पुढे धर्मादाय वक्फ मंत्रालयाच्या ताब्यात घेतले. बुर्गीबांच्या ट्युनिशियाने १९५६-५७ मध्ये ही संस्थाच मोडीत काढली. सरंजामी मक्तेदारी मोडण्याचा हेतू योग्य होता. मात्र मिळकत सरकारजमा झाली आणि सबीलीचा नळ कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न फायलीत गेला. जुनी संस्था मोडताना तिची कामे कोणाकडे सोपवायची याचा विचार झाला नाही.

ट्युनिसमध्ये तर स्वातंत्र्याच्या पहिल्याच दशकात राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा भव्य हमरस्ता जुन्या मदिनेच्या छातीतून थेट कसब्यापर्यंत न्यावा, अशी योजना निघाली. परकीयांनी जे टाळले ते स्वकीय करायला निघाले होते. विरोध झाला, योजना मागे पडली, आणि १९६७ मध्ये मदिनेच्या रक्षणासाठी मंडळ स्थापन झाले. दरम्यान जुनी प्रतिष्ठित घराणी फ्रेंचांनी सोडलेल्या बंगल्यांकडे निघून गेली होती. त्यांच्या वाड्यांत खेड्यांतून आलेली कुटुंबे शिरली, एका खोलीत एक बिऱ्हाड. जेथे एक घराणे नांदत होते तेथे एका चौकाभोवती अनेक चुली, एकच हौद, एकच शौचकूप. अशा वाड्यांना तेथे ‘उकाला’ म्हणत. मुंबईच्या चाळकऱ्याला हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. कैरोतही हेच घडत होते. नगीब महफूझ यांचा जन्म १९११ मध्ये गमालिया मोहल्ल्यातला. त्यांच्या लहानपणीच कुटुंब अब्बासिया या नव्या उपनगरात राहायला गेले. ज्या हारेवर त्यांनी आयुष्यभर कादंबऱ्या लिहिल्या, ती त्यांच्या वर्गाने तेव्हाच सोडायला घेतली होती. धनिक गेले, डागडुजी थांबली, गर्दी वाढली. आणि मग नगररचनाकाराने येऊन सांगितले की ही गलिच्छ वस्ती आहे.

‘गलिच्छ वस्ती’ हा शब्द किती घातक आहे ते भारतीय समाजवाद्यांनी पाहिले आहे. शाहजहानने वसवलेली जुनी दिल्ली स्वातंत्र्यानंतर कायद्याने गलिच्छ वस्ती म्हणून जाहीर झाली. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, तुर्कमान गेटला बुलडोझर पोचले. १९ एप्रिल रोजी विरोध करणाऱ्या रहिवाशांवर गोळीबार झाला. मृतांची खरी संख्या आजही वादाची आहे. वाचले ते यमुनेपलीकडच्या उघड्या माळावरील भूखंडांवर नेऊन सोडले गेले. दाद मागायला न्यायालय नव्हते, बातमी छापायला वृत्तपत्र नव्हते. नगररचनेला लोकशाहीचा अडथळा नसला की ती कोणत्या वेगाने धावते, याचा तो नमुना होता.

कैरोत तीन वर्षांनी जे झाले त्यात गोळी झाडली गेली नाही. नाईलच्या काठी बुलाक ही मामलुक काळापासूनची बंदराची पेठ. लोहार, सुतार, मोडीत निघालेल्या मोटारींचे सुटे भाग विकणारे, गोदी कामगार यांची ही वस्ती. अन्वर सादात यांचे ‘खुले दार’ धोरण सुरू झाले होते. नदीकाठी परदेशी पाहुण्यांसाठी उंच हॉटेले उठत होती, आणि त्यांच्या खिडक्यांतून बुलाक दिसत होते. १९७९ ते १९८१ या काळात तेथील सुमारे ५,००० कुटुंबे उचलून शहराच्या उत्तरेला, अल-झाविया अल-हमरा आणि ऐन शम्स येथील सरकारी चाळींत हलवण्यात आली. सरकारचे म्हणणे असे की या लोकांना आधुनिक घर मिळेल, आधुनिक घरात आधुनिक नागरिक घडेल.

मानवशास्त्रज्ञ फरहा गन्नाम यांनी पुढे या वस्तीत राहून अभ्यास केला आणि २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांना जे आढळले ते कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. घरे नवी होती, नळ आत होता, स्वतंत्र शौचकूप होते. या सोयी लोकांना हव्याच होत्या. पण वाटप करताना जुने शेजारी एकमेकांपासून तोडले गेले. बुलाकमध्ये गल्लीच्या तोंडाशी बसून भाजी निवडणाऱ्या बाईला, मुलावर नजर ठेवणाऱ्या म्हातारीला, उसनवारी देणाऱ्या दुकानदाराला चौथ्या मजल्यावर पर्याय नव्हता. बाजार दूर, कारखाना दूर. आधीपासून तेथे राहणारे लोक या नव्या मंडळींना ‘बुलाकचे दांडगे’ समजून चार हात लांब ठेवीत. हळूहळू माणसांनी घराला गच्च्या काढल्या, भिंती सरकवल्या, तळमजल्यावर दुकाने थाटली. म्हणजे इब्न अल-रामीच्या काळी जे काझीपुढे मिटत होते ते आता बेकायदा बांधकाम ठरले.

यापुढचा त्यांचा निष्कर्ष राजकीय कार्यकर्त्याने लक्षपूर्वक ऐकावा. हारेची ओळख गेल्यावर अनोळखी माणसांना एकमेकांशी बांधणारी एकच जागा उरली, ती मशीद. तेथे बुलाकचा माणूस दांडगा नव्हता, इतरांसारखाच नमाजी होता. स्त्रियाही तेथे येऊ लागल्या. घराबाहेर पडण्याचे ते सर्वमान्य कारण होते. धर्माधारित संघटनांना या चाळींतून जो प्रतिसाद मिळाला, त्याचे खापर केवळ प्रचारकांवर फोडणाऱ्यांनी हा तपशील पाहावा. याच अल-झाविया अल-हमरात जून १९८१ मध्ये मुसलमान आणि कॉप्ट ख्रिस्ती यांच्यात रक्तरंजित दंगल झाली. तिचे मूळ एका जागेच्या तंट्यात होते. दंगलीला एकच कारण नसते, आणि ती सगळी स्थलांतरामुळे झाली असे कोणी म्हणणार नाही. पण जागेचा तंटा मिटवू शकणारी, दोन्ही बाजूंना ओळखणारी माणसे त्या नव्या वस्तीत कितीशी असणार?

मग जुन्या वस्त्यांत पाणी, गटारे, दुरुस्ती न्यायचीच नाही काय? न्यायची, आणि पाडल्याविना नेता येते. ट्युनिसच्या हाफसिया भागात १९७० च्या दशकापासून पडक्या जागी जुन्या धर्तीची चौकाची घरे बांधली गेली, बाजारही पुन्हा उभा राहिला. या कामाला आगाखान वास्तुपुरस्कार १९८३ मध्ये आणि पुन्हा १९९५ मध्ये मिळाला. पण पहिल्या टप्प्यातील घरे तेथील गरिबांना परवडली नाहीत. ती मध्यमवर्गीयांकडे गेली. कैरोच्या दर्ब अल-अहमर भागात शेकडो वर्षांच्या उकिरड्यावर २००५ मध्ये बाग उभी राहिली, तिच्याबरोबर घरदुरुस्तीसाठी कर्जे आणि कारागिरांना प्रशिक्षण दिले गेले. लोक आपापल्या घरात राहिले. असे प्रयोग थोडे, आणि ते दात्याच्या मर्जीवर चालणारे. मर्राकेशमध्ये याच सुमारास परदेशी लोक जुने वाडे विकत घेऊन त्यांची पाहुणेघरे करू लागले होते. भिंती जशाच्या तशा राहिल्या, शेजार निघून गेला.

युद्धाने या प्रश्नाला आणखी भेसूर रूप दिले. अलेप्पोच्या जुन्या शहरातून १९५४ च्या गुटोन आराखड्यानुसार रस्ते कापले गेले होते. नागरिकांच्या विरोधाने पुढील मोडतोड थांबली आणि १९८६ मध्ये ते शहर जागतिक वारशाच्या यादीत आले. २०१२ ते २०१६ च्या लढाईत त्याचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर, एप्रिल २०१८ मध्ये, असद राजवटीने दहा क्रमांकाचा कायदा काढला. सरकारने पुनर्विकासासाठी एखादा भाग जाहीर केला की तेथील मालकांनी ३० दिवसांत कागदपत्रांनिशी हक्क सिद्ध करावा. लक्षावधी लोक परदेशी छावण्यांत होते. त्यांच्या घरांवर पिढ्यानपिढ्यांची सामाईक वहिवाट होती, कागद कोठले आणायचे? जगभर ओरड झाल्यावर त्याच वर्षी ती मुदत एक वर्षाची केली गेली.

बुलाकची गोष्ट मात्र १९८१ मध्ये संपली नाही. पेठेचा जो त्रिकोणी तुकडा दूरदर्शन इमारतीच्या मागे उरला होता, त्याला मास्पेरो म्हणत. जुनी मोडकळलेली घरे, दुरुस्तीला परवाना मिळत नसे, पावसाळी दिवसांत भिंती कोसळत. २०११ च्या उठावानंतर काही तरुण वास्तुशास्त्रज्ञ रहिवाशांसोबत बसले आणि कोणालाही न हलवता ही वस्ती टप्प्याटप्प्याने कशी बांधता येईल, याचे आराखडे त्यांनी तयार केले. २०१८ मध्ये बुलडोझर आले. रहिवाशांपुढे पर्याय ठेवले गेले: रोख भरपाई घ्या, किंवा मुकत्तम टेकडीवरच्या अस्मरात या सरकारी वसाहतीत जा, किंवा नवे बांधकाम होईपर्यंत बाहेर थांबून परत या. बहुतेक कुटुंबे रोख रक्कम घेऊन पांगली. थोड्यांनी परत यायचे असे लिहून दिले. मोकळ्या झालेल्या जागेवर नदीकडे तोंड केलेले मनोरे उठू लागले, आणि ज्यांनी परतण्याचा कागद सही केला होता ती कुटुंबे काही वर्षे कैरोच्या निरनिराळ्या टोकांना भाड्याच्या खोल्यांत राहिली, एकमेकांच्या पत्त्यांची यादी करून.